गुडघ्यातलं वंगण संपत नसतं

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज घरोघरी फिरतोय: चाळिशीनंतर गुडघ्यातलं वंगण आटतं, रोज उपाशीपोटी भेंडीचं पाणी प्या, पुन्हा भरेल, चालणं बंद करा, आणि गुडघ्यातलं पाणी काढू देऊ नका, सवय लागते. अशा सल्ल्यांवर विसंबून आपल्या आया-मावश्या घरात बसून राहतात, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

निरोगी गुडघ्यात हा वंगणाचा द्रव असतोच जेमतेम 3-4 मिलीलिटर. सांध्याच्या आतलं अस्तर तो आयुष्यभर बनवत राहतं. झिजेच्या संधिवातात तो आटण्याऐवजी बऱ्याचदा वाढतो. गुडघा फुगतो तो त्यामुळेच. बिघडतो तो त्याचा कस. चांगल्या द्रवाचा थेंब सुईतून सोडला तर अंड्यातल्या पांढऱ्या बलकासारखी लांब तार धरतो, कारण त्यात हायलुरॉनिक आम्ल हा चिकट पदार्थ असतो. सूज आली की तो कमी पडतो, द्रव पातळ होतो, तार तुटते. आणि एक्स-रे पाहून ‘गॅप कमी झालीय’ म्हणतात ती कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी, झिजल्याची खूण. एक्स-रेत वंगण मोजता येत नाही.

भेंडीचा बुळबुळीतपणा म्हणजे विरघळणारे तंतू. ते आतड्यातच राहतात, गुडघ्यापर्यंत जात नाहीत. भेंडी भाजी म्हणून खुशाल खा.

सगळ्यात घातक सल्ला चालणं बंद करण्याचा. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण मुख्यतः याच द्रवातून होतं. पाऊल टेकलं की ती दाबली जाते, उचललं की द्रव आत ओढते. बसून राहिलं की हे मंदावतं, शिवाय मांडीचे स्नायू रोडावतात आणि सगळा भार सांध्यावर येतो. दुखत असेल तर जिने कमी करा, पण सपाट रस्त्यावर चाला, बसल्या जागी पाय सरळ उचलण्याचा व्यायाम करा. जाड माणसाचं वजन एक किलोने उतरलं, तर दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने हलका होतो.

पाणी, म्हणजे गुडघ्यात साठलेला हाच द्रव, काढल्याने सवय लागत नाही. आतला आजार चालू असतो म्हणून ते पुन्हा भरतं. उलट त्या पाण्यातूनच निदान होतं: सुईसारखे युरिक आम्लाचे स्फटिक दिसले तर गाउट हा संधिवात, पांढऱ्या पेशी, ज्या एरवी एका मायक्रोलिटरमध्ये 200 च्या आत असतात, त्या 50,000 वर गेल्या तर जंतुसंसर्गाची दाट शंका. गुडघा अचानक लाल, गरम झाला आणि ताप असेल, तर तेल चोळत थांबू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. असा संसर्ग काही दिवसांत कूर्चा कायमची खातो.