कुलूप शाबूत, घर जमीनदोस्त

रत्नागिरीतल्या इंजिनिअरिंगच्या मुलांच्या व्हॉट्सॲप गटांत लिनक्सचे ड्रायव्हर, म्हणजे यंत्र चालवणारे प्रोग्राम, लिहिण्याबद्दल सध्या एक सल्ला फिरतोय. ‘ड्रायव्हरच्या स्ट्रक्चरमध्ये म्यूटेक्स घाला, प्रत्येक फंक्शनच्या सुरुवातीला लॉक, शेवटी अनलॉक. मेमरी डेव्हएम-केझॅलॉकने घ्या. यूज-आफ्टर-फ्री होणार नाही. रेफरन्स काउंट ही नसती भानगड. केसॅन गप्प असेल तर ड्रायव्हर सुरक्षित.’ (स्ट्रक्चर म्हणजे ड्रायव्हरची माहिती ठेवणारा मेमरीचा तुकडा; म्यूटेक्स म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारं लॉक; डेव्हएम-केझॅलॉक म्हणजे ड्रायव्हर यंत्रापासून सुटताच आपोआप परत जाणारी मेमरी घेणं; यूज-आफ्टर-फ्री म्हणजे परत केलेली मेमरी पुन्हा वापरणं; केसॅन म्हणजे अशा चुका पकडणारं साधन.) चारही गोष्टी चूक आहेत, आणि पहिली सर्वांत घातक.

मी स्वतः ती चूक केली आहे. मिरकरवाडा बंदरातल्या एका नौकेवर पाण्याची खोली मोजणारं यूएसबी यंत्र होतं, त्याचा ड्रायव्हर माझा. इंजिनाच्या हादऱ्याने केबल निसटायची आणि अधूनमधून अख्खा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभाच, कोसळायचा. लॉक सगळीकडे होतं, पण स्ट्रक्चरच्या आत. रीड करणारा थ्रेड (प्रोग्रामचा एक चालू धागा) पॉइंटर, म्हणजे स्ट्रक्चरचा पत्ता, हातात धरून त्या लॉकसाठी थांबलेला. तेवढ्यात केबल निसटते, डिस्कनेक्ट, म्हणजे यंत्र निघाल्यावर चालणारं फंक्शन, आपलं काम उरकून लॉक सोडतं आणि स्ट्रक्चर फ्री करतं. थांबलेला थ्रेड जागा होतो तो फ्री झालेल्या मेमरीतल्या लॉकवर. घराच्या दाराला कुलूप घातलं म्हणून घर पाडायचं थांबत नाही. एका वेळी आत कोण जाणार, एवढंच कुलूप ठरवतं.

घर कधी पाडायचं हे कोकणात सामाईक घर असलेल्यांना सांगायला नको. सगळे हिस्सेदार मोकळे झाल्याशिवाय भिंतीला हात लागत नाही, मग एखादा चाकरमानी वर्षातून गणपतीलाच का येईना. रेफरन्स काउंट म्हणजे हीच हिस्सेदारांची मोजदाद. फाइल ओपन झाली की एक वाढवा, रिलीज झाली की एक कमी करा. प्रोबने, म्हणजे यंत्र जोडल्यावर चालणाऱ्या फंक्शनने, घेतलेला हिस्सा डिस्कनेक्ट सोडेल. शून्य करणारा शेवटचा जो असेल तो मेमरी सोडेल. डिस्कनेक्टने लॉक धरून ‘यंत्र गेलं’ अशी खूण करायची, रीडने लॉक मिळताच ती पाहून ईनोडेव्ह, म्हणजे ‘यंत्र नाही’ हा एरर, परत करायचं. लिनक्समध्ये यासाठी केरेफ हे मोजदादीचं साधन तयार आहे. त्याच्या पोटात रेफकाउंट-टी हा मोजणीचा आकडा असतो. तो 2017 च्या 4.11 आवृत्तीत आला, आणि शून्यावरून कोणी पुन्हा वाढवू पाहिलं तर इशारा देतो. ‘याने वेग मंदावतो’ असंही सांगतात, पण इथे मोजणी ओपन-रिलीजला बदलते, दर रीडला नाही.

इथे लॉक लागतंच, पण घराबाहेरचं. मायनर नंबरवरून (यंत्राच्या फाइलचा क्रमांक) पॉइंटर शोधणं आणि त्याचा काउंट वाढवणं या दोन पावलांच्या मध्ये डिस्कनेक्ट घुसता कामा नये. म्हणून शोधणं-वाढवणं आणि यंत्रांच्या यादीतून काढणं, दोन्ही एकाच बाहेरच्या लॉकखाली हवं.

‘मग आतल्याच म्यूटेक्सखाली साधा आकडा कमी करतो’ असं एकाने मला विचारलं. तेही चालत नाही. म्यूटेक्सचं अनलॉक अणूसारखं अखंड नसतं: दुसऱ्याला लॉक मिळालं तरी पहिल्याचं अनलॉक त्या म्यूटेक्सला अजून हात लावत असू शकतं. त्या दुसऱ्याने शेवटचा हिस्सा सोडून मेमरी फ्री केली, की पहिला अनलॉक करता करताच फसतो. स्पिनलॉकची, म्हणजे झोपी न जाता घिरट्या घालत वाट पाहायला लावणाऱ्या लॉकची, हमी वेगळी आहे. कर्नलच्या कागदपत्रांत हा फरक लिहिलेला आहे, जरूर वाचा.

डेव्हएमचं थोडक्यात. ती मेमरी ड्रायव्हर सुटताच जाते, फाइल अजून उघडी आहे का हे ती पाहत नाही. मेमरी सोडायला विसरू नये म्हणून ती सोय आहे. फाइलबरोबर जगणाऱ्या स्ट्रक्चरसाठी साधं केझॅलॉक आणि केरेफ वापरा.

टायमर आणि वर्कक्यू (नंतर करायच्या कामांची रांग) हेही हिस्सेदारच, पण ते रिलीज करायला येत नाहीत. त्यांना डिस्कनेक्टमध्ये कॅन्सल-वर्क-सिंक, टायमर-शटडाउन-सिंकने थांबवावं लागतं, आणि तेही वर्क घेतं ते लॉक हातात न धरता. नाहीतर दोघंही एकमेकांची वाट बघत बसतात.

राहिला केसॅन. 2015 पासून, म्हणजे 4.0 पासून कर्नलमध्ये आहे आणि अतिशय उपयोगी आहे, पण त्याला दिसतं ते प्रत्यक्ष घडलेलंच. टेबलावर दोन तास नीट चाललेल्या यंत्रात ती शर्यत घडलेलीच नसते. चाचणीपुरती ती घडवून आणा: पॉइंटर मिळाल्यावर, काउंट वाढण्याआधी एमस्लीपने दोन सेकंदांची झोप घाला, ओपन करा आणि त्या दोन सेकंदांत केबल उपटा. बाहेरचं लॉक चुकीच्या जागी असेल तर केसॅन तिथेच बोलेल.