‘रंग फासून भंगार विकलं’ या रिव्ह्यूला उत्तर

साहेब, नमस्कार. माझ्याकडून घेतलेल्या जुन्या लेथचं तेल गळतं, टेपर येतो म्हणजे सळई एका टोकाला जाड राहते, डायल इंचात आहे, उलटी फिरवली की काम धरणारा चक सुटतो, थोडक्यात रंग फासून भंगार विकलं, असं तुम्ही लिहिलंत. चारचौघांत लिहिलंत, म्हणून उत्तरही चारचौघांत देतो.

आधी चकचं, कारण ती चूक माझी आहे. तुमच्या मायफर्ड एमएल सेव्हन लेथचा चक स्पिंडलच्या, म्हणजे फिरणाऱ्या दांड्याच्या, नाकावर आट्यांनी बसतो. एक इंच एक सूत व्यास, इंचाला १२ आटे. लोड घेऊन उलटी चालवली की तो सुटणारच. आणि रिव्हर्सचा स्विच मीच बसवला होता. टूल धरणारी कॅरेज सरकवणारा लीडस्क्रू इंचाला ८ आट्यांचा. त्यावर मिलीमीटरचे आटे पाडताना कॅरेज लीडस्क्रूला जोडणारा हाफनट मध्येच उघडता येत नाही, टूल मागे घेऊन मशीन उलटी फिरवत कॅरेज परत आणावी लागते. त्यासाठी स्विच दिला, पण धोका सांगितला नाही. चक पायावर पडला असता. रविवारी तो स्विच काढतो आणि स्पिंडलच्या मागे बसणारा हातदांडा करून आणतो. पैसे नकोत.

तेलाचं मात्र मी ऐकून घेणार नाही. हेडस्टॉकचं, म्हणजे स्पिंडल बसतो त्या डोक्याचं, तेल फिरून परत येत नाही. ऑइलकपातून थेंब थेंब व्हाइट मेटलच्या बेअरिंगात जातं आणि बाहेर पडतं. रचनाच तशी आहे. काम संपलं की कप बंद करायचा, खाली ट्रे ठेवायचा. तेल बाहेर यायचं थांबलं, तर मला लगेच फोन करा.

टेपर. तुमच्याच फोटोत मशीन अँगलच्या स्टँडवर आहे आणि एका पायाखाली पुठ्ठा दिसतोय! बेड बीडाचा असला तरी बोल्ट आवळले की पीळ पडतो. १५० मिलीमीटरला ६० मायक्रॉन, तेही टोकाकडे जाड, म्हणजे पहिला संशय पिळाचाच. टेलस्टॉक, म्हणजे दुसऱ्या टोकाचा आधार, न लावता चकमध्ये जाड सळई धरा, दोन्हीकडे एकेक कॉलर, म्हणजे उठलेली पट्टी, ठेवा, टूल आतबाहेर नेणारी क्रॉस स्लाइड न हलवता दोन्हींवर बारीक कट घ्या आणि मायक्रोमीटर लावा. टोकाकडचा कॉलर जाड आला तर टेलस्टॉककडच्या पुढच्या पायाखाली पातळ पत्रा सरकवा. पुठ्ठा दाबला जातो, त्याचा उपयोग नाही.

चकजवळ बेड ४ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) घासलाय, हे बिलावर लिहून दिलंय. ग्राइंडिंगचा खर्च ऐकून तुम्हीच ‘असू दे’ म्हणालात.

डायलचं काय सांगू. १९४६ साली इंग्लंडात बाजारात आलेलं मॉडेल, तुमची इंचाचीच आहे, घेताना बघितलीत. एक रेघ म्हणजे एक थाऊ, साधारण २५ मायक्रॉन. टूल जेवढं आत जातं, त्याच्या दुप्पट व्यास कमी होतो. आठवड्यात हात बसेल.

राहिला रंग. तो शेवटच्या दोन दिवसांतला. त्याआधी महिनाभर कुपवाडच्या शेडमध्ये मशीन पूर्ण उघडलेली होती. बेअरिंगच्या कॅपखालच्या शिमचा, म्हणजे थराथरांच्या पातळ पत्र्याचा, एकेक पापुद्रा काढून स्पिंडलची ढिलाई घालवली, उंचवटे दाखवणारी निळी शाई, म्हणजे ब्ल्यू, लावून क्रॉस स्लाइडची गिब, म्हणजे ढिलाई घालवणारी पट्टी, हाताने खरवडून स्क्रॅप केली. आमचे फिटर स्क्रॅपर हातात घेतला की चहालाही उठत नाहीत, तुम्ही आला होतात तेव्हा तुमच्याशीही बोलले नव्हते, आठवत असेल.

रविवारी अकराला विश्रामबागेत येतो, लेव्हल आणि पत्र्याचे तुकडे घेऊन. तोवर उलटी फिरवू नका.