दुसऱ्याची लघवी देऊन टेस्ट निघत नाही, पोट्टेहो

आठवडाभरापासून एक मेसेज फिरून राहिला आहे. मला भाच्यानं पाठवला, तेव्हा कळलं की आपल्या नागपूरच्या रेशीमबाग ग्राउंडवर सकाळी धावायला येणाऱ्या कितीतरी पोट्ट्यांच्या मोबाइलमध्ये तो आहे. ड्रग टेस्टला घाबरू नका, न घेणाऱ्या मित्राची लघवी सोबत न्या, डबीवर नाव तर तुमचंच राहते, असं त्यात लिहिलं आहे, आणि खाली अजून काही गोष्टी. मी धंतोलीत १४ वर्षांपासून लॅबमध्ये सॅम्पल घेतो, म्हणून एकेक मुद्दा घेतो, लांब होईल पण पूर्ण वाचा.

"मशीनला काय माहीत कोणाची आहे." अरे मशीनपर्यंत जायच्या आधीच कळते. ताजी लघवी अंगासारखी गरम असते, म्हणून जिथे टेस्ट नीट होते तिथे डबी हातात आल्यावर ४ मिनिटांच्या आत तापमान पाहतात, बॅग-जॅकेट बाहेर ठेवायला लावतात, कमोडच्या पाण्यात निळा रंग टाकतात, आणि शंका आली की दुसरं सॅम्पल समोर उभं राहून घेतात. खेळाडूंचं तर पहिल्यापासूनच तसं, शर्ट छातीपर्यंत वर, पॅन्ट गुडघ्यापर्यंत खाली, आणि नाडाचा, म्हणजे देशाच्या डोपिंगविरोधी संस्थेचा माणूस (मुलींसाठी बाई) लघवी अंगातून बाहेर पडताना डोळ्यानं पाहतो. आणि ही युक्ती काही नवीन नाही, १९७८ च्या टूर द फ्रान्समध्ये मिशेल पोलेंटिये हा बेल्जियमचा सायकलवाला आल्प द्युएझचा घाट जिंकून, सगळ्यात पुढे असणाऱ्याला मिळते त्या पिवळ्या जर्सीत होता, त्याच दिवशी टेस्टला काखेत दुसऱ्याच्या लघवीचा फुगा लपवून गेला, सापडला, आणि शर्यतीतून बाहेर काढला गेला.

"मित्र क्लीन असला की झालं." इथे मला जरा थांबून बोलायचं आहे. लघवीत फक्त ड्रग दिसत नाही, देणाऱ्याचं सगळं शरीर दिसते. बोस्नियाच्या राष्ट्रीय संघात येऊ पाहणाऱ्या एका अमेरिकन बास्केटबॉलपटूनं २०१८ मध्ये दिलेल्या सॅम्पलमध्ये एचसीजी निघालं, म्हणजे गरोदर बाईच्या लघवीत येते ते, आणि त्याला २ वर्षांची बंदी बसली. २०१४ च्या रशियातल्या सोची ऑलिंपिकला रात्री भिंतीतल्या भोकातून बाटल्या बदलल्या जात होत्या, पाठीशी रशियाची सरकारी यंत्रणा होती, तरी नंतर त्यांच्या महिला आइस हॉकीच्या दोन सॅम्पलमध्ये पुरुषाचा डीएनए सापडलाच.

आमच्याकडचं सांगतो. ड्रायव्हरच्या नोकरीच्या मेडिकलला एक पोरगा आला, लघवीत साखर भरभरून, आणि त्याच्याच रक्तात साखर एकदम नॉर्मल. विचारलं तर रडायलाच लागला, लघवी मित्राची होती. या पोरानं स्वतः नशा केलीच नव्हती, खोकल्याचं औषध घेतलं होतं आणि त्यानं पॉझिटिव्ह येते असं कोणीतरी सांगितलं म्हणून घाबरला होता. मित्राला बोलावून तपासलं तर त्याला डायबेटिस, त्याला स्वतःलाच माहीत नव्हता. त्याचे उपचार सुरू झाले ते बरं झालं, पण या पोराची नोकरी गेली, आणि मला ते आजही लागते.

म्हणून "निर्दोष माणूसही अडकतो, त्यापेक्षा बदललेली बरी" हा मुद्दा मला सगळ्यात घातक वाटतो, कारण तो अर्धा खरा आहे. कोडीनवालं खोकल्याचं औषध पहिल्या टेस्टमध्ये दिसते. खसखशीतही थोडं मॉर्फिन राहते, अमेरिकेत तर याच कारणानं १९९८ मध्ये अफूवर्गाची मर्यादा एका मिलिलिटरला ३०० वरून २००० नॅनोग्रॅमवर नेली. पण पहिली टेस्ट म्हणजे निकाल नाही बावा, नंतर जीसी-एमएस किंवा एलसी-एमएस या जास्त बारीक तपासणाऱ्या मशीनवर कन्फर्म करतात, नेमका कोणता पदार्थ ते तिथे कळते. डॉक्टरची चिठ्ठी सोबत न्या, फॉर्मवर औषधाचं नाव लिहा. लघवी बदलली की ती चिठ्ठी तुमच्या काहीच कामाची राहत नाही.

"पावडरची (पाण्यात कालवून केलेली नकली) लघवी चालते, नाहीतर पाणी प्या." क्रिएटिनिन (खऱ्या लघवीत राहणारा शरीराचा टाकाऊ पदार्थ), घनता, पीएच हे सगळं तपासतात, पातळ निघाली की परत द्यायला लावतात. "भांग कायद्यात नाही म्हणून धरत नाहीत." १९८५ च्या एनडीपीएस म्हणजे अंमली पदार्थांच्या कायद्यात गांजाच्या व्याख्येतून नुसती पानं वगळली आहेत हे खरं, पण भांगेतही गांज्यातला नशेचा पदार्थ टीएचसीच असते, टेस्टला भांगेचं पान आणि गांज्याचा फुलांचा शेंडा वेगळा कळत नाही, आणि रोज घेणाऱ्याच्या लघवीत ते कित्येक आठवडे दिसते.

"सापडलं तरी काय, फक्त रिजेक्ट." चूक. खेळात गांजा सापडला आणि तो स्पर्धेबाहेर, खेळाशी संबंध नसताना घेतला हे सिद्ध झालं तर बंदी ३ महिन्यांची, उपचार पूर्ण केले तर १ महिन्यावर येऊ शकते. सॅम्पलमध्ये छेडछाड केली तर साधारण ४ वर्षं. फरक पाहा जरा! विमान कंपन्यांमध्ये ३१ जानेवारी २०२२ पासून डीजीसीएचे (विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याचे) नियम आहेत, तिथेही पहिल्यांदा कन्फर्म पॉझिटिव्ह आलेल्याला आधी व्यसनमुक्तीला पाठवतात. एनडीपीएसच्याच कलम ६४अ मध्ये, थोड्या प्रमाणात सापडलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला तर खटल्यापासून सूट आहे. परतायचा रस्ता पॉझिटिव्ह आलेल्याला आहे, बदलणाऱ्याला मिळणं लई कठीण.

ज्याला खरंच सुटत नाही आहे त्यानं १४४४६ वर फोन करा, फुकट आहे, किंवा मेडिकलच्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या) मानसोपचार ओपीडीत जा. एकट्यानं जायची लाज वाटत असेल तर मला सांगा, मी सोबत येतो.