पाहिले, पुढे सादर

माझ्याकडे परीक्षणासाठी आलेली कादंबरी काल संध्याकाळी तळमजल्यावरून परत आली आणि तिच्या समासातले लाल शाईचे शेरे पाहून मला जो संताप आला, तो हा मजकूर लिहायला बसेपर्यंत पुरता ओसरलेला नाही. मे महिन्यातल्या नागपुरात भर दुपारी तीन जिने चढून येण्याची अपेक्षा कुरिअरच्या मुलाकडून मी करत नाही. त्याने पाकीट खालच्या काकांकडे ठेवले, काकूंचे रक्तदाबाचे यंत्र आले असे समजून काकांनी ते फोडले, आणि आतून खंजीर व गुलाब यांच्या चित्राचे, सोनेरी कडांचे साडेपाचशे पानी पुस्तक निघाल्यावर ते वर पाठवण्याऐवजी कूलरसमोर बसून वाचायला घेतले.

मी एका पुरवणीसाठी किशोरवयीनांच्या प्रेमकथा आणि अद्भुतरम्य कादंबऱ्या वाचून त्यांची परीक्षणे लिहितो. हल्ली या दोहोंचे लग्न लागून 'रोमँटसी' नावाचा प्रकार तयार झाला आहे आणि तो बहुतेक माझ्याच वाट्याला येतो. पुस्तकाचे नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण रक्त, राख, मुकुट, काटे आणि सावल्या यांतले कोणतेही दोन शब्द उचलून मध्ये 'आणि' घातले की या प्रकारातले एखादे नाव तयार होते. मेट्रोत सीताबर्डीला चढून मी असे पुस्तक उघडले की लोकमान्य नगर येईपर्यंत शेजारचा प्रवासी एकदा मुखपृष्ठाकडे आणि एकदा माझ्या पिकलेल्या मिशीकडे पाहतो. 'मुलीचे आहे का?' हा प्रश्न मला इतके लोक विचारतात की मला मुलगी नाही हे सांगणेही मी सोडून दिले आहे. वास्तविक २०१२ साली बाउकर या संस्थेने अमेरिकेत केलेल्या पाहणीत असे आढळले होते की किशोरांसाठीची पुस्तके विकत घेणाऱ्यांत ५५ टक्के लोक १८ वर्षांवरील होते, त्यांत ३० ते ४४ वयाचा गट सर्वांत मोठा होता, आणि त्यांतले बहुसंख्य स्वतःसाठीच पुस्तके घेत होते. ही आकडेवारी मी मेट्रोत कोणाला ऐकवू शकत नाही, म्हणून येथे ऐकवतो.

काका पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झाले आहेत. नाथमाधवांचे 'वीरधवल' शाळेत असताना चोरून वाचल्यानंतर आपण कादंबरीला हात लावलेला नाही, असे ते अभिमानाने सांगतात. पुस्तक मागायला मी पहिल्यांदा खाली गेलो, तेव्हा खसच्या ताट्यांच्या दमट वासात ते चष्मा कपाळावर चढवून पहिल्या पानावरचा नकाशा भिंगातून पाहत होते. १९३७ साली टॉल्किन यांच्या 'द हॉबिट'मध्ये नकाशे होते आणि पुढे फँटसी लिहिणाऱ्या बहुतेकांनी तो पायंडा गिरवला. वाचक तो नकाशा एकदा पाहतो आणि पुन्हा कधी उलटून पाहत नाही. काकांनी मात्र त्यावर फूटपट्टी ठेवली होती.

"बसा भाऊ. ही नदी पाहा. समुद्रातून निघून राहिली, डोंगर चढून राहिली आणि पलीकडे जाऊन दुसऱ्या समुद्रात पडून राहिली. हे कोण्या पंपावर चाललं आहे?"

ती जादूची दुनिया आहे, असे मी म्हणालो.

"जादू राजाच्या वाड्यात करा म्हणा. पाण्याला उतार लागते. आपली नाग नदी लाव्ह्याच्या टेकड्यांतून निघते, पिवळीला भेटते, कन्हानला जाऊन मिळते. तिला कोणी नकाशा दिला होता काय? २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव भरून वाहिला, तेव्हा पाणी बरोबर उताराच्या घरांत शिरलं. चढावर एक थेंब गेला नाही. आणि हे पाहा, इथं भर मैदानात नदीचे दोन फाटे झाले नं ते पुन्हा एकत्र आलेच नाहीत. नद्या एकमेकींत मिळतात हो, अशा सोडचिठ्ठी नाही घेत."

नकाशावरून ते नायकावर आले. नायक पाचशे वर्षांचा आणि नायिका सतरा वर्षांची, ही या प्रकारातली नित्याची जोडी आहे. 'ट्वायलाइट'मध्ये शंभरी ओलांडलेला रक्तपिपासू नायक सतरा वर्षांच्या मुलीच्या वर्गात बसू लागला, ते २००५ साल होते. त्यानंतर नायकांचे वय वाढतच गेले आणि नायिकेचे जागचे हलले नाही. माझी यावरची तक्रार नैतिक आहे आणि ती मी परीक्षणांतून वारंवार मांडली आहे. काकांची तक्रार वेगळी निघाली. "पाचशे वर्षांचा माणूस आणि अजून सेनापतीच? अठ्ठावन्नला निवृत्त झाला असता, तर आज ४४२ वर्षांची पेन्शन उचलून बसला असता बाप्पा. कोणत्या तिजोरीला झेपते हे?"

पुस्तक त्यांनी त्या दिवशी दिले नाही, पुढेही दिले नाही. परीक्षणाची मुदत जवळ येत होती आणि मी त्यांच्या दारात उभा राहून कथानकाची चौकशी करत होतो. काल अखेर ते परत आले, तेव्हा कूलरच्या ओलाव्याने मुखपृष्ठ वर वळले होते, सोनेरी कडा ठिकठिकाणी एकमेकींना चिकटल्या होत्या, आणि युद्धाच्या प्रकरणावर तर्रीचा एक तेलकट लाल डाग होता. समासातल्या टिपण्या तेवढ्या स्वच्छ अक्षरात होत्या. पृष्ठ ८७ वर लिहिले होते: 'नायिका विनापरवाना राजवाड्यात शिरली. पहारेकरी कोठे होते? खुलासा मागवावा.' पृष्ठ १४२ वर: '"आपण श्वास रोखून धरला होता हे तिला आता जाणवले", ही बाब पृ. ३१, ६६ व ९० वर आलेली आहे. द्विरुक्ती. वगळावे.' नायकाच्या पंखांच्या दोन पाने चाललेल्या वर्णनाशेजारी फक्त 'मापे जोडलेली नाहीत' असे होते. आणि पृष्ठ २१०, जेथे सगळी कादंबरी ज्याची वाट पाहत असते ते चुंबन आहे, तेथे सही, तारीख आणि त्याखाली 'पाहिले, पुढे सादर.'

या शेऱ्यांना चारचौघांत हसता येईल, पण ज्याने हे काम पोटासाठी केले आहे त्याला हसू येत नाही. 'द आउटसायडर्स' ही किशोरवयीनांची कादंबरी १९६७ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा तिची लेखिका एस. ई. हिंटन अठरा वर्षांची होती आणि तिने ती शाळेत असतानाच लिहायला घेतली होती. मोठ्यांनी लिहिलेल्या पुस्तकांत आपल्या ओळखीची मुले भेटत नाहीत, हे तिचे दुखणे होते. आता त्याच फळीवर सहा-सहा भागांच्या मालिका येऊन पडतात, त्यांतल्या तीन भागांचा ऐवज एकात सहज मावला असता, आणि प्रत्येक भाग नायिकेला कड्याच्या टोकावर उभे करून संपतो. मी हे सगळे वाचतो, चांगले असेल त्याला चांगले म्हणतो, आणि पुरवणीचे संपादक चारशे शब्दांच्या वर एक ओळ छापत नाहीत. जाहिरात आली, तर दोनशे.

मी हे काकांना जरा चढ्या आवाजात ऐकवले. त्यांनी शांतपणे विचारले, "मानधन किती देतात?"

मी आकडा सांगितला. काकूही स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

काकांनी पुस्तकाचे शेवटचे कोरे पान उघडले आणि दरपृथक्करण मांडले. वाचन, ५५० पाने, ताशी ४० पानांप्रमाणे पावणेचौदा तास. लेखन चार तास. संपादकांना फोन, एकमुस्त. मजुरीच्या रकान्यात त्यांचे पेन थोडे थांबले आणि मग त्यांनी 'परीक्षक: अर्धकुशल' असे लिहिले. मी हरकत घेतली, तेव्हा कुशल धरण्यासाठी प्रमाणपत्र लागते, असे उत्तर मिळाले.

"या दरात आमच्या खात्यात कोणी टेंडरच भरलं नसतं," ते बेरीज करत म्हणाले. "पण दुसरा भाग लवकर मागवा भाऊ. पोरगी भर पुलावर अन् पुलाचा पाया खचून राहिला, तिथंच संपवलं."

दुसरा भाग प्रकाशक परीक्षणासाठी पाठवणार नाहीत, तो मला विकत घ्यावा लागेल, असे मी सांगितले. त्यांनी किंमत विचारली, ६९९ रुपये हा आकडा मानधनाखाली लिहून वजाबाकी केली, आणि उणे आलेल्या उत्तराभोवती लाल शाईने एक चौकट आखून पुस्तक माझ्या हातात दिले.