बुग्यालाला सह्याद्रीचे माप लावू नका

पहिल्याच हिमालयीन ट्रेकच्या तयारीत असलेल्या माझ्या भाच्याने परवा एक संदेश पुढे पाठवून विचारले, ‘मामा, हे खरे आहे ना?’ संदेशाचे म्हणणे असे की, बुग्यालातले, म्हणजे हिमालयातल्या उंचावरच्या कुरणातले, गवत पावसात पुन्हा उगवतेच, बर्फ सगळी घाण जिरवतो, फळांच्या सालींचे खत होते आणि मेंढ्या चरलेल्या चालतात, तर उत्तराखंडात तंबूंवर बंदी हा अन्याय आहे. हा मजकूर हजारो ट्रेकर खरा मानून निघणार, याचा मला संताप आहे.

आपल्याकडे जूनमध्ये उघडा कातळ आठवड्याभरात हिरवा होतो, म्हणून गवताचा दावा पटतो. उत्तराखंडातले बेदिनी बुग्याल मात्र सुमारे ३,३५० मीटर उंचीवर आहे. तिथे वाढीला वर्षातले जेमतेम चार महिने मिळतात आणि पातळ माती मुळांच्या जाळ्यानेच धरलेली असते. तंबूभोवती चर खणला की ते जाळे तुटते आणि पावसाचे व वितळत्या बर्फाचे पाणी मातीच वाहून नेते.

बर्फाचा दावा सर्वांत घातक आहे. थंडीत जिवाणूंचे काम मंदावते. बर्फात पुरलेली विष्ठा कुजत नाही, नुसती झाकली जाते, आणि उन्हाळ्यात ज्या ओढ्यांचे पाणी ट्रेकर आणि खालची गावे पितात त्यांतच उतरते. एव्हरेस्टच्या पायथ्याच्या खुंबू पासांग ल्हामू ग्रामपालिकेने २०२४ मध्ये गिर्यारोहकांना आपली विष्ठा पिशवीत भरून परत आणण्याची सक्ती केली, ती याच कारणाने. सालींनाही कुजायला तीच थंडी आड येते. त्या परत आणाव्यात.

मेंढ्यांच्या मुद्द्यात अर्धे तथ्य आहे, हे मान्य करावे लागते. अतिचराईनेही कुरणे उजाड होतात. पण आली-बेदिनी-बगजी बुग्यालांच्या याचिकेवर उत्तराखंड उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये दिलेला निकाल संदेशकर्त्याने वाचलेला दिसत नाही. रात्रीच्या मुक्कामाला मनाई करणाऱ्या आणि पर्यटकांची संख्या २०० वर रोखणाऱ्या त्याच निकालाने व्यापारी चराईही बंद केली आणि केवळ स्थानिक मेंढपाळांना मुभा ठेवली. या बंदीची झळ वाटाड्यांना आणि खेचरवाल्यांना बसली, ही तक्रार मात्र रास्त आहे, आणि नेमकी तीच त्या संदेशात कुठेही नाही.