शाल नको, पहाटे पाचला सोडा

तो फोटो एव्हाना बहुतेकांनी पाहिला असेल. मोझरीच्या मंचावर मी उभा, खांद्यावर शाल, हातात नारळ, डोक्यात अजून हेल्मेट, आणि खाली कुणीतरी लिहिलेलं, 'वय ६६, तरीही १८७ किलोमीटर! सलाम!!' गावच्या ग्रुपवर, सोयऱ्यांच्या ग्रुपवर, आमच्या वीज मंडळातल्या रिटायर मंडळींच्या ग्रुपवर, सगळीकडे फिरला. सुनेच्या माहेरूनसुद्धा फोन आला. सगळ्यांचे मनापासून आभार. पण त्या फोटोत जे आलं नाही ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. लांबेल जरा. चहा घेऊन बसा.

सायकल राइड दोन दिवसांची. शनिवारी वरोऱ्याला आनंदवनापासून निघायचं, नंदोरी, हिंगणघाट, वर्धा करत सेवाग्रामला मुक्काम. रविवारी खरांगणा, आर्वी, देऊरवाडा, मग वर्धा नदीचा पूल ओलांडून कौंडण्यपूर, कुऱ्हा, तिवसा आणि गुरुकुंज मोझरी. ज्या मुलींच्या गावात सातवीच्या पुढं शाळा नाही त्यांना सायकली घेऊन द्यायच्या, त्यासाठी प्रत्येकानं आपापल्या ओळखीत पैसे मागायचे. कारण चांगलं होतं म्हणून तर नाव दिलं.

पैसे मागणं हे सायकल चालवण्यापेक्षा अवघड निघालं. मी ३४ वर्षं लाइनमन होतो. त्यातली पहिली पंधरा वर्षं सायकलवरच, कॅरिअरला दोर, पिशवीत पक्कड आणि फ्यूजची तार. आजूबाजूच्या पंचवीस गावांत कोणत्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, किती लोड आहे ते मला अजून तोंडपाठ आहे, म्हणून वाटलं, आपल्याला कोण नाही म्हणणार? गेलो दारोदार. एका म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पोरीले सायकल द्याची तं दे ना बापा. तू काऊन रस्त्यानं हिंडतं?"

मला उत्तरच सुचेना. खरंच आहे तिचं. मी सायकल चालवण्याचा आणि तिनं पैसे देण्याचा संबंध काय? शहरात हे लोकांना लगेच कळतं, अमुक किलोमीटरला अमुक रुपये. आमच्याकडं नाही कळत, आणि न कळण्यात त्यांची चूक नाही. दोन-तीन घरं अशीच रिकामी गेल्यावर मला सुचलं. परत त्या म्हातारीकडं गेलो. म्हटलं, "आजी, पायदळ पंढरपूरले जानाऱ्याच्या हाती तुम्ही नारळ पाठवता का नाही? तुमच्यानं जानं होत नाही, त्याच्या पायानं तुमचं जानं होते. हे तसंच हाय." तिनं पदराची गाठ सोडली, वीसची नोट काढली. "हा घे माह्या नावाचा नारळ. आन् बुडाखाली काही मऊ ठेवजो."

त्या दिवसापासून मी 'चॅरिटी राइड' हा शब्द सोडला. एकूण २३,४१० रुपये जमले. सगळ्यात मोठी रक्कम एका जिनिंगवाल्याची, २,०००. सगळ्यात लहान पाच रुपये, एका पोरानं गोळ्या-बिस्किटाचे वाचवून दिलेले. एका घरातून दोन पायल्या तूर मिळाली, ती मी बाजारात विकली.

आता तक्रार.

रिपोर्टिंग पहाटे पाचचं. मी साडेतीनला उठलो, सव्वापाचला टोपीवर बॅटरी लावून तयार. मुख्य पाहुणे आले सहा चाळीसला. मग दीपप्रज्वलन, मग सत्कार, मग भाषणं. झेंडा दाखवला सात पंचवीसला. फेब्रुवारीचा मध्य, पहाटे थंडी, हवा पडलेली, रस्ता मोकळा. सायकलवाल्यासाठी सोन्यासारखे ते दोन तास आम्ही खुर्च्यांवर बसून घालवले. पंचविशीतल्या पोरांना काही फरक पडत नाही, ते तासाला पंचवीस-सत्तावीसच्या वेगानं जातात आणि ऊन चढायच्या आत अर्धं काम उरकतात. मी सोळा-सतरानं जाणारा माणूस. माझे ते दोन तास जाऊन दुपारी बारा ते दोनच्या उन्हात पडले. वर त्या वेळेला उत्तरेचं वारं सुटतं, आणि आम्ही चाललो होतो उत्तरेकडंच.

म्हाताऱ्या माणसाची अडचण काय असते ती एकदा उघड बोलू. पाय दुखतात हे सगळ्यांना माहीत आहे, ते काही विशेष नाही. खरी अडचण तहानेची. वय झालं की तहान लागल्याचं शरीर वेळेवर कळवतच नाही. जीभ कोरडी पडेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. म्हणून मी घड्याळ लावतो, दर वीस मिनिटांनी दोन घोट, तहान असो वा नसो. आणि पाणी प्यायलं की दुसरी अडचण. माझ्या वयाच्या पुरुषांना वेगळं सांगायला नको. प्रोस्टेट आणि वरून बीपीची गोळी. पहिल्या दिवशी मी नऊ वेळा थांबलो. पुरुष आहे म्हणून बाभळीचा आडोसा चालून गेला. आमच्यात चौदा बायका होत्या, त्यांनी काय केलं असेल? संपूर्ण मार्गावर निळ्या रंगाच्या एनर्जी ड्रिंकचे चार स्टॉल होते. संडासाची सोय फक्त दोन ठिकाणी.

डॉक्टरांनी आधी पट्ट्यावर चालवून हृदयाची तपासणी केली होती आणि एक सोपी खूण सांगितली होती, चढावर शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटायला लागलं की गिअर हलका कर. शेजारी कोणी नव्हतं, म्हणून मी मोठ्यानं हरिपाठ म्हणत गेलो. एक ट्रकवाला हात जोडून गेला.

रस्त्याबद्दल फार लिहीत नाही. फक्त एवढं, की सिमेंटच्या रस्त्याची कड आणि मातीची साइडपट्टी यांत अर्धा फुटाची पायरी ठेवणाऱ्याला एकदा कापसाच्या गाडीपुढं सायकल चालवायला लावलं पाहिजे. ती गाडी दोन्ही बाजूंनी फुगलेली असते, मागून भोंगा वाजतो आणि तुम्हाला खाली उतरायला जागा नसते.

हिंगणघाटच्या अलीकडं तो माणूस भेटला. त्याच्यासाठीच खरं तर ही पोस्ट.

जुनी काळी सायकल, मडगार्ड नाही, कॅरिअरवर चाऱ्याचा भारा. भारा एवढा की मागून माणूस दिसत नव्हता, चाराच चालला आहे असं वाटत होतं. मी त्याला गाठलं, आणि गाठायला मला चांगली दहा मिनिटं लागली. माझी सायकल एकवीस गिअरची. त्याची बिनगिअरची, पायात चप्पल.

"कुठं चाल्ले भाऊ अशे नटूनथटून?"

मी सांगितलं, वरोऱ्याहून सेवाग्राम. तो म्हणाला, "बरं हाय." त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. मग मी वय विचारलं.

"कोनं मोजलं? नेहरूच्या टायमाचा आहो."

रोज शेत ते घर, दोन खेपा. बंडी विकली, बैल विकले, पोरगा पुण्याला. एक म्हैस आहे, तिला चारा लागतो. आम्ही असे बोलत चाललो होतो तेवढ्यात आयोजकांची गाडी आली. त्यातून फोटोवाला निम्मा बाहेर लटकलेला. त्याला माझा फोटो हवा होता, 'सीनियर रायडर' म्हणून. त्यानं हात हलवला आणि ओरडला, "ओ बाबा, जरा बाजूला घ्या, फ्रेममध्ये येता तुम्ही!"

आणि तो बाजूला झाला. मुकाट्यानं, त्या अर्ध्या फुटाच्या पायरीवरून भाऱ्यासकट मातीत उतरला. सायकल डगमगली, पडली नाही. फोटो निघाला. गाडी गेली. मी थांबून त्याला वर घ्यायला मदत केली. म्हटलं, चुकलं बापा त्यांचं. तो म्हणाला, "त्यात काय, तुमचा कारेक्रम हाय."

मला तुम्ही सगळ्यांनी जे म्हटलंत ना, 'या वयातही', ते तेव्हापासून पचत नाही. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा असलेला माणूस माझ्यापेक्षा जड सायकल रोज चालवतो. त्याच्या अंगात नावाची जर्सी असती तर तो मंचावर असता. चप्पल होती म्हणून तो फ्रेमच्या बाहेर.

आणि आपल्या या भागात तरी म्हातारं माणूस रस्त्यावर दिसलं की टाळ्या वाजवायचं कारण नाही. रात्री सेवाग्रामला पाय चोळत बसलो होतो तेव्हा सहज हिशोब केला. १९३६ साली गांधीजी या गावात राहायला आले तेव्हा ते ६६ वर्षांचे होते. माझंच वय. गावाचं नाव तेव्हा शेगाव होतं, सेवाग्राम पुढं १९४० साली झालं. म्हणजे मी निवृत्त होऊन नातवाला शाळेत सोडतो त्या वयात त्यांनी एका खेड्यात नव्यानं संसार मांडला. तिथून जवळच पवनार. तिथले विनोबा १९५१ साली भूदानासाठी चालायला लागले तेव्हा पंचावन्नचे, आणि पुढं तेरा वर्षं चालत होते. ज्या आनंदवनापासून आम्ही निघालो, ते उभारणाऱ्या बाबा आमट्यांनी १९८५ च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून काश्मीरकडं तरुणांची सायकल यात्रा काढली. बाबा तेव्हा सत्तरीच्या पुढं, पाठीच्या दुखण्यानं बसताही येत नव्हतं. ते गाडीत आडवे पडून पोरांच्या सोबत गेले. यांतल्या कुणाला 'सीनियर कॅटेगरी'चं मेडल दिल्याचं ऐकिवात नाही.

दुसऱ्या दिवशी खरांगण्याच्या पुढं चढउतार लागतात. एका चढावर माझ्या उजव्या पोटरीत असा गोळा आला की मी सायकल टाकून मातीतच बसलो. सगळ्यात मागून येणारी, दमलेल्यांना उचलणारी गाडी लगेच हजर. "अंकल, बसा ना. सायकल वर टाकतो." मी नको म्हटलं. पुढं अर्ध्या तासात तो पोरगा तीनदा आला. त्याचं कामच ते, रागावायचं कशाला? तिसऱ्यांदा मात्र मी म्हटलं, बाळा, मी काकाजी आहो, अंकल नाही, आणि मी ३४ वर्षं खांबावर चढलो, हा तर नुसता रस्ता आहे.

जवळच्या वावरात हरभरा काढणं चालू होतं. तिथल्या बाईनं काही न विचारता पितळी गडवा भरून ताक आणलं, वरून मीठ. त्या निळ्या पाण्याच्या चार बाटल्यांनी जे झालं नाही ते त्या गडव्यानं झालं. मग खांब मोजत निघालो. आमच्या अकरा केव्हीच्या लाइनला किलोमीटरमागं पंधरा-सोळा खांब असतात. आर्वी वीस किलोमीटर आहे म्हटलं की छाती दडपते. पुढचा खांब दिसत असतो, तिथपर्यंत कोणीही जातं.

आर्वीच्या थोडं आधी एक मुलगी भेटली, दहावीची. रविवार असून जादा तासाला निघालेली. आठवीत सरकारी योजनेतून मिळालेली सायकल, आणि उतारावर ती पाय जमिनीला घासत थांबवत होती. विचारलं, ब्रेकला काय झालं?

"चार महिने झाले, लागतच नाही."

"दुरुस्त नाही केला?"

"गावात दुकान नाही जी. आर्वीले न्यावं लागते. बाबा म्हणते, वेळ नाही."

पिशवीतून पाना काढला. मागची तार सैल झाली होती आणि ब्रेकचं रबर झिजून लोखंडाला लागलं होतं. तार ताणली, पुढचं बरं रबर मागं लावलं. दहा-बारा मिनिटांचं काम. तिला म्हटलं, मागचाच दाबजो, आर्वीत पुढचं नवं टाक. त्या दहा-बारा मिनिटांत माझी आर्वीच्या स्टॉलची वेळ चुकली. आयोजकांच्या वहीत माझ्या नावापुढं लाल खूण आहे. असू द्या.

पण यातून मला एक कळलं, ते आयोजकांना मी फोनवरही सांगितलं आहे आणि इथंही लिहितो. सायकल देऊन भागत नाही. खेड्यात सायकल बंद पडते ती दोनशे रुपयांच्या कामासाठी, आणि मग सहा महिने भिंतीला टेकून उभी राहते. पोरगी परत पायी, नाहीतर घरी. सायकलसोबत एक हवेचा पंप, पंक्चरचं सोल्यूशन, दोन पाने द्या, आणि एक रविवार तिला शिकवायला द्या. शिकवायला मी फुकट येतो. पैसे कुठून आणायचे असं विचाराल तर सांगतो. आमची प्रवेश फी १,५०० रुपये होती. त्यात जर्सी, मेडल, शाल-नारळ आणि ड्रोन. ड्रोनवाल्यानं किती घेतले मला माहीत नाही, हिशोब मागितला आहे, 'पाठवतो काकाजी' म्हणाले. वाट पाहून राहिलो. मला तिसरी जर्सी नको. घरात दोन आहेत, त्यातली एक बायको फरशी पुसायला वापरते.

कौंडण्यपूरच्या पुलावर मी पाच मिनिटं थांबलो. रुक्मिणीचं माहेर. म्हातारीच्या विसाच्या नोटेची आठवण झाली, खाली मंदिरात जाऊन तिच्या नावानं नारळ फोडला. मग कुऱ्हा, तिवसा, आणि संध्याकाळी साडेपाचला मोझरी. तिथं काय झालं ते तुम्ही फोटोत पाहिलंच.

ज्यांनी खाली विचारलं आहे, 'पुढच्या वर्षी येणार का?', त्यांना आणि आयोजकांना एकदमच सांगतो. येतो. गुडघे साथ देत असतील तोपर्यंत दरवर्षी येतो. पैसेही आणतो, आता मागायची रीत सापडली आहे. पण पहाटे पाचला सोडणार असाल तर. पाहुण्यांना उशीर होणार असेल तर त्यांना सावकाश येऊ द्या, मी बॅटरी लावून पुढं निघतो. झेंडा तुम्ही मागून दाखवा, नंदोरीच्या आसपास कुठंतरी मला दिसेल.