चिऱ्याला सात कोपरे

फोंडा घाट उतरून देवगड तालुक्यातल्या या खाडीकाठच्या शाळेत मी हजर झाले, तेव्हा माझ्या पिशवीत पुठ्ठ्याचे बारा आकार होते. लाल त्रिकोण, निळे चौरस, पिवळी वर्तुळं. कडांना चिकटपट्टी लावून वाणाच्या वाट्यांसारखे जपलेले. पहिली-दुसरीचा एकत्र वर्ग, पट पंधरा. ‘आकारांची ओळख : दोन तासिका’ असं मी टाचणवहीत लिहूनही टाकलं. टाचणवही लिहिताना माणूस फार आशावादी असतो.

त्रिकोण दाखवला. “त्रिकोण!” पंधराच्या पंधरा ओरडले. मी खूश. मग टोक खाली करून धरला, तर वर्ग चिडीचूप.

“बाईनू, तो पडलो,” तांडेलाचा नातू म्हणाला.

“पडला तरी त्रिकोणच ना?”

“नाय. आता ती पताका.”

“बरं. पताकेला कोपरे किती?”

“तीन.”

“त्रिकोणाला?”

“तीन.”

“मग पताका कोण?”

“पंधरा आगस्टाची!”

चौरस जरा तिरका धरला, तर त्याचा शंकरपाळा झाला आणि दिवाळीला किती दिवस राहिले यावर दहा मिनिटं गेली.

यात पोरांचा काही दोष नाही, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. पिएर आणि डीना व्हॅन हिले हे हॉलंडमधलं शिक्षक जोडपं. भूमिती मुलांच्या डोक्यात कशी शिरते याच्या पायऱ्या दोघांनी १९५७ साली आपापल्या प्रबंधात मांडल्या. पहिल्या पायरीवरचं मूल बाजू-कोपरे मोजत बसत नाही. माणूस चेहऱ्यावरून ओळखावा तसं आकार ओळखतं. वस्तू हाताळू द्या, फिरवू द्या, मग दुसरी पायरी. नवराबायकोचं एका विषयावर एवढं एकमत झालं याचंच मला कौतुक. पण त्यांची गाठ पापलेटाशी पडली नसावी.

“घरातली चौकोनी वस्तू सांगा,” म्हटलं, तर पहिलं उत्तर पापलेट. तोंड, वरचा पर, खालचा पर, शेपटी, झाले चार कोपरे. मी मान डोलावणार इतक्यात कोपऱ्यातून हरकत आली : शेपटीला दोन टोकं, म्हणजे पाच. एकीच्या मते शेपटी तळल्यावर आधी खाऊन टाकतात, ती धरायचीच नाही. वाद मिटवायला मी फळ्यावर चित्र काढलं. मी माळकरी घरातली. पापलेट उभ्या आयुष्यात हातात धरलेलं नाही. चित्राकडे बघून सगळा वर्ग एकमुखाने म्हणाला, “बाईनू, ह्यो बांगडो.” तो तास मासे ओळखण्यात गेला. विद्यार्थी एकच होता.

मग नारळ. ‘गोल’ म्हणून मी टेबलावर ठेवला तो असोला. बाईला नारळ सोलता येत नाही, हे गुपित मला अजून काही दिवस टिकवायचं होतं. एका चिमुरडीने तो उचलला, बोटाने चाचपला आणि परत ठेवला. “गोल नाय. तीन कडा आसत.” मीही चाचपून पाहिलं. खरंच, देठापासून खालपर्यंत तीन उभ्या धारा! आत करवंटीला डोळेही तीनच. म्हणजे सोललेला नारळ गोल, असोला त्रिकोणी. त्यात आपल्या भाषेत नाणंही गोल, चेंडूही गोल आणि शेजारच्या मैदानात फुटबॉल खेळणारे मोठे भाऊ ओरडतात तोही गोल. कुठला गोल कुठे संपतो, हे मी कोणत्या तोंडाने सांगणार?

पण खरी जिरवली ती चिऱ्याने. पुस्तकात ‘इष्टिकाचिती’ असा शब्द आहे. सात वर्षांच्या पोराने तो उच्चारला की समोरच्याच्या तोंडावर थुंकी उडते. इष्टिका म्हणजे वीट, असं मी समजावलं. इथे घरं, गडगे, विहिरी, तुळशीवृंदावनं, सगळं जांभ्या चिऱ्याचं. पोरांनी वीट पाहिलेली ती फोटोत विठोबाच्या पायाखाली. आणि गंमत बघा, याच दगडाला १८०७ साली केरळात फ्रान्सिस बुकानन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने ‘लॅटेराइट’ नाव दिलं, तेही लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून. खाणीत मऊ असतो, हवा लागली की टणक होतो, म्हणून लोक त्याला विटेसारखा कापून घ्यायचे. म्हणजे चिरा ही नावानिशी इष्टिका! हा शोध मी वर्गाला अगदी रंगून सांगितला. पोरं खिडकीतून वेंगुर्ल्याची एसटी बघत होती.

शेवटी चिरेच मोजायला बाहेर पाठवलं. सहा पृष्ठभाग, बारा कडा, आठ कोपरे, उत्तर माझ्या खिशात तयार. पोरं परत आली ती वेगवेगळी उत्तरं घेऊन. गडग्यातला चिरा मोजणारे म्हणाले चार. बाकीचे कोपरे भिंतीच्या पोटात, ते कसे मोजणार? चिरेखाणीवर गाडी चालवणाऱ्याची मुलगी पाण्याच्या टाकीजवळचा सुटा चिरा मोजून आली आणि पाटीवर लिहिलं, ‘चिऱ्याला सात कोपरे असतात.’ मी तावातावाने तिथे गेले, उकिडवी बसले, मोजलं. सात. आठवा ट्रकमधून उतरवताना उडाला होता आणि त्या खळग्यात मुंग्यांनी घर केलं होतं. मी तिच्या पाटीवर बरोबरची खूण केली. केंद्रप्रमुख आले तर बघू.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर तीन रकाने आखले : त्रिकोण, चौकोन, गोल. वस्तू घरून आणायच्या, रकान्याखाली ठेवायच्या. चाळण, पत्त्यांचा कॅट, आगपेटी, सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात तांडेलाच्या नातवाने रोवळी पुढे केली. “बाईनू, ही खंय ठेवू?”

बांबूच्या बेळांची, तांदूळ धुऊन काळी पडलेली. तळ बघावा तर चक्क चौरस, तोंड बघावं तर वर्तुळ. तळाचे चार कोपरे वर जाता जाता नेमके कुठे विरतात, ते शोधत मी तिच्यावरून तीनदा बोट फिरवलं. सापडेना. वर्ग माझ्याकडे बघत होता, आज कधी नव्हे तो चिडीचूप.

तेवढ्यात दारात आजी. “बाईनू, आमची रोवळी हंयसर इली काय? तांदूळ धुवूचे आसत.”

मी रोवळी हातात दिली आणि न राहवून विचारलं, “आजी, हिचा आकार कुठला म्हणायचा?”

आजीने रोवळी उलटीपालटी करून बघितली. “दोन शेरांची आसा,” म्हणाली आणि काखेत मारून चालू लागली.

फळ्यावर मी चौथा रकाना आखून ठेवला आहे. उद्या कोणीतरी सूप आणणार, हे मला दिसतंय.